चंक्रमाला कुलूप लावू नका : ध्यानकेंद्राच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

आदरणीय विश्वस्त आणि आचार्यगण,

सविनय नमो बुद्धाय.

सूचनाफलकावर आपण लावलेला कागद मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा नव्हता, म्हणून वाटलं आपलंच काही चुकतंय. चष्मा लावूनही मजकूर तोच होता: ‘केंद्राच्या परिसरात साधकांनी कोणत्याही प्रकारचा व्यायाम करू नये. व्यायाम हा देहासक्तीचा प्रकार असून साधनेस बाधक आहे.’ दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीला कुलूप लागलं. आत आठ रबरी चटया, चार जोड्या डंबेल आणि एक जुनं बाक आहे. सगळं तिथे सकाळी व्यायाम करणाऱ्या आमच्या गटातल्या साधकांनीच आणून ठेवलेलं, मंडळाचा त्यात एक पैसाही नव्हता.

मी आपल्याकडे चौदा वर्षं येतोय. हे पत्र आधी आपल्या कार्यालयात दिलं होतं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. केंद्राचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण ‘शरीराकडे काय बघायचं’ हा सूर आपल्या एकट्याच्याच केंद्रात ऐकू येतो असं नाही.

आधी माझा यात काय संबंध, ते सांगतो. पहिली सात वर्षं मी फक्त बसलो. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास आणि बाकीचा दिवस ऑफिसच्या खुर्चीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी कंबर इतकी धरली की मोजे घालायला दुसऱ्याची मदत लागायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मणक्यात गंभीर काही नाही, पण पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू पार ढिले पडलेत. फिजिओथेरपिस्टनी आधी साधे व्यायाम दिले, मग हळूहळू वजन. रिकामा बार उचलताना पहिल्या दिवशी हात थरथरले होते. आज नव्वद किलोची डेडलिफ्ट मारतो, म्हणजे तेवढं वजन जमिनीवरून उचलून ताठ उभा राहतो. हा आकडा फुशारकीसाठी सांगत नाही (थोडा फुशारकीसाठीही सांगतो, त्याबद्दल पुढे बोलूच). सांगायचं ते हे की, आसनावर एक तास न हलता बसणं मला जमायला लागलं ते या वजनांनंतर. त्याआधीच्या सात वर्षांत मी अनित्यतेपेक्षा कमरेचंच चिंतन जास्त केलं.

आता आपल्या कागदातल्या वाक्याकडे येतो. व्यायाम म्हणजे देहासक्ती. हे कोणी सांगितलं? तथागतांनी, म्हणजे बुद्धांनी, सांगितलेलं नाही, एवढं तरी मला ठाऊक आहे.

ज्यानं शरीराची सगळ्यात जास्त हेळसांड केली, तो माणूस बोधीच्या आधीचा सिद्धार्थच होता. उरुवेलेतल्या त्या उपासांचं वर्णन मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या महासच्चक सुत्तात त्यांच्याच तोंडी आहे. बरगड्या जुन्या छपराच्या वाशांसारख्या दिसू लागल्या, डोळे खोल विहिरीतल्या पाण्यासारखे आत गेले, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे. आणि मग त्यांच्या मनात आलं की इतक्या कृश देहानं ध्यानाचं ते सुख मिळणं सोपं नाही. त्यांनी अन्न घेतलं, सोबतचे पाच जण नाराज होऊन निघून गेले. मध्यम मार्ग पुस्तकातून निघालेला नाही, उपाशी पोटातून निघालाय. तो आपण फक्त एका बाजूनं वाचताय. ‘भोग नको’ हे मोठ्या अक्षरात आणि ‘क्लेश नको’ हे अगदी बारीक टायपात.

विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, तर सरळ व्यवस्थाच आहे. वैद्य जीवक वेसालीला आला तेव्हा तिथल्या भिक्खूंना एकापाठोपाठ एक चांगली जेवणं मिळत होती आणि त्यांची शरीरं जड होऊन ती आजारी पडत होती. जीवकानं तथागतांना दोन गोष्टींची परवानगी मागितली: चंक्रम, म्हणजे येरझारा घालायची जागा, आणि जंताघर, म्हणजे घाम काढायची गरम खोली. दोन्ही मिळाल्या. पुढचा तपशील मला फार आवडतो. चंक्रमाची जमीन खडबडीत होती, पाय दुखायचे, तर ती सपाट करा म्हणाले. जोतं सखल होतं, ते उंच करा. वरून भिक्खू पडायला लागले, तर कठडा बांधा. ऊन-थंडीचा त्रास होतो, तर चंक्रमासाठी छप्पर असलेली शाळा बांधा. एखादा मुकादम बांधकामावर उभा राहून लक्ष घालतो तसं हे चाललंय. यात कुठे ‘देहासक्ती’ दिसते?

अंगुत्तर निकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात चंक्रमाचे पाच फायदे सांगितलेत. लांबचा प्रवास झेपतो, साधनेचे कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेलं नीट पचतं आणि चालताना साधलेली समाधी जास्त काळ टिकते. पाचातले चार फायदे तर कुठल्याही व्यायामशाळेच्या पत्रकावर छापता येतील. त्याच निकायात साधनेसाठी लागणाऱ्या पाच अंगांची यादी आहे. श्रद्धा, सरळपणा, वीर्य (म्हणजे प्रयत्नाचा नेट) आणि प्रज्ञा यांच्या पंगतीला निरोगी शरीर आणि नीट चालणारा जठराग्नी बसलाय.

आपले एक सहायक आचार्य मला म्हणाले, “हो, पण हे चालण्यापुरतं. वजनं उचलायला कुठे सांगितलंय?” बरोबर आहे, कुठेच सांगितलेलं नाही. त्या काळचा भिक्खू दिवसभर पायी फिरायचा, पाणी भरायचा, झाडलोट करायचा, जमिनीवर बसायचा आणि जमिनीवरून उठायचा. आपण गाडीतून येतो, खुर्चीत जेवतो आणि दहा तास पडद्यासमोर बसतो. त्याला जे फुकट मिळत होतं, ते आपल्याला ठरवून करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये प्रौढांसाठी जो सल्ला दिला, त्यात आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम तर आहेतच, पण किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायामही आहेत. पासष्टीच्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकद यांचा सराव आठवड्यातून तीन दिवस सांगितलाय. आपल्या सभागृहात पासष्टीच्या पुढचे किती जण बसतात, ते मंडळानंच मोजावं.

इथे माझ्या बाजूचं एक लंगडं प्रमाण मीच काढून टाकतो. माझ्यासारखे लोक हटकून ‘आरोग्यपरमा लाभा’ हे वचन पुढे करतात: आरोग्य हा सर्वांत मोठा लाभ. धम्मपदात ते आहेच. पण मागंदिय सुत्त वाचलं की ते इतक्या सहज वापरता येत नाही. तिथे मागंदिय हा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, हे वचन ऐकून स्वतःच्याच अंगावरून हात फिरवतो आणि म्हणतो, हेच ते आरोग्य, मी निरोगी आहे, सुखात आहे. तथागत त्याला जन्मांधाची गोष्ट सांगतात. कोणीतरी मळकट, तेलकट कापड ‘शुभ्र वस्त्र’ म्हणून हातात ठेवलं आणि तो बिचारा ते पांघरून खूश झाला. शरीर हाच रोग आहे, तू कसल्या आरोग्याच्या गोष्टी करतोस, असं त्याला तोंडावर सुनावलंय. आपल्या कागदाला आधार हवाच असेल तर तो इथे सापडेल. मीच आणून देतोय.

पण मग संयुत्त निकाय या आणखी एका सुत्तसंग्रहातला राजा पसेनदीही वाचावा लागेल. कोसलचा हा राजा द्रोणभर (हे तेव्हाचं धान्याचं मोठं माप) भात खाऊन, धापा टाकत तथागतांपुढे येऊन बसला. त्यांनी त्याला मापात जेवण्यावर एक गाथा सांगितली. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितलं, त्याबद्दल रोजचं मानधनही ठरवलं. हळूहळू राजाचा आहार एका नाळीभर, म्हणजे छोट्या मापाच्या, भातावर आला, अंग सडपातळ झालं. आणि एके दिवशी राजानं काय केलं? स्वतःच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, भगवंतांनी माझ्यावर दोन्ही प्रकारे दया केली, इहलोकीच्या हिताचीही आणि परलोकीच्या हिताचीही.

दोन माणसं, दोघांचाही हात स्वतःच्याच अंगावरून फिरतोय. एकाला जन्मांधाची उपमा मिळाली, दुसऱ्याच्या आनंदावर सुत्तात कोणी बोट ठेवलेलं नाही. मागंदियाला वाटलं, मुक्कामाला पोचलो. पसेनदीला वाटलं, चालायला बळ आलं. व्यायामखोलीत येणाऱ्या प्रत्येकात हे दोघंही असतात, कधी हा वर तर कधी तो. आपला कागद मात्र हात फिरवण्यालाच बंदी घालतो.

माझ्यात मागंदिय होता, ते कबूल करतो. वजनं उचलायला लागलो त्याच्या तिसऱ्या वर्षी मी आरशासमोर दंडाचे फोटो काढायचो. वय पन्नास! आनापानाला, म्हणजे श्वासाच्या ध्यानाला, बसलो की श्वास मोजता मोजता बारला लावायच्या प्लेटा मोजायला लागायचो. तथागतांनी तीन मद सांगितलेत, तारुण्याचा, आरोग्याचा आणि जीविताचा, त्यातला मधला मला चांगलाच चढला होता. तो उतरला तो व्यायाम सोडल्यामुळे नाही, खांद्याला दुखापत झाल्यामुळे. नंतर मी एक सवय लावून घेतली. दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत कायगतासतीची, म्हणजे देहाच्या भागांवरच्या ध्यानाची, यादी म्हणायची: केसा, लोमा, नखा, दंता, तचो, मंसं, न्हारू, अट्ठी (केस, लव, नखं, दात, त्वचा, मांस, स्नायू, हाडं). घामाघूम झालेल्या, धडधडणाऱ्या शरीरावर ही यादी जशी लागू पडते, तशी गादीवर शांत बसलेल्यावर मला कधी पडली नाही. मांस म्हणताना मांस थरथरत असतं.

आता तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीबद्दल आहे. सहा वर्षं चाललेला सकाळचा गट एका कागदानं बंद झाला. गटातल्या कोणालाही विचारलं नाही. ज्या खोलीत आमचं सामान होतं, तिला आमच्यासमोर कुलूप लावायचं सौजन्यही दाखवलं नाही.

दुसरी तक्रार ज्येष्ठांची आहे आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. गटात अडुसष्ट वर्षांचे एक काका येत. सुरुवातीला जमिनीवरून उठताना त्यांना दोघांनी धरावं लागे. वर्षभर खुर्चीवरून उठाबस करून करून ते स्वतःचे स्वतः उठायला लागले. गट बंद झाल्यावर ते सभागृहात खुर्चीवर बसू लागले, आणि आता येतच नाहीत. ‘रोगी देहात मन रोगी होऊ देऊ नकोस’ हे तथागतांनी नकुलपिता या म्हाताऱ्या उपासकाला सांगितलेलं वचन आपण प्रवचनात नेहमी घेता. ते फार मोलाचं आहे. पण त्याचा अर्थ ‘देह रोगी होऊ दे’ असा होत नाही.

तिसरी तक्रार एका तरुण साधिकेच्या वतीनं, तिला विचारूनच लिहितोय. ती आपल्या निवासखोलीत, दार लावून बैठका मारत होती. तिला बोलावून सांगण्यात आलं, “शरीर कमावून काय करणार, शेवटी राखच ना?” राख तर सभागृहाच्या इमारतीचीही होणार आहे, तरी दर वर्षी तिला रंग दिला जातो. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्खू नागसेनानं मिलिंद राजाला याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. देह प्रिय नाही तर त्याला जपता कशाला, असं राजानं विचारलं. नागसेनानं उलट विचारलं, लढाईत बाण लागला तर जखमेला लेप लावता, पट्टी बांधता, ते काय जखम प्रिय असते म्हणून?

चौथी तक्रार लहान आहे: सूचनेतली भाषा. ‘बाधक आहे’ हा निवाडा झाला. नियम लिहायचा होता तर नियम लिहायचा.

एक गोष्ट मला मान्य आहे. मौन शिबिराच्या दहा दिवसांत कोणी डंबेल आपटू नयेत, धावून इतरांचं लक्ष मोडू नये. ती शिस्त मी चौदा वर्षं पाळलीय, पुढेही पाळेन. प्रश्न वर्षातल्या बाकीच्या दिवसांचा आहे, आणि ‘देहासक्ती’ या शिक्क्याचा आहे.

काही विश्वस्त म्हणतील, दुसऱ्या परंपरांचं आम्हाला काय. पण शरीर सगळ्या परंपरांना सारखंच मिळालंय, म्हणून त्यांनी त्याचं काय केलं ते बघायला हरकत नाही. गीता म्हणते, अति खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. चरकानं व्यायाम बळ वाढवणारा म्हणून सांगितला आणि लगेच ‘मात्रया’ हा शब्द जोडला, मापात करा. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या मते नुसत्या व्यायामानं माणूस रानटी होतो आणि नुसत्या संगीतानं मऊ पडतो, आणि दोन्ही असतात ती शेवटी आत्म्यासाठीच. स्टोइकांमध्ये, म्हणजे संयमावर भर देणाऱ्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांमध्ये, क्लिअँथीस मुष्टियोद्धा होता, क्रिसिपस लांब पल्ल्याचा धावपटू, असं परंपरा सांगते. त्यांच्यातलाच रोमचा सेनेका मात्र मला आपल्या मंडळाच्या जवळचा वाटतो: दंड फुगवण्यात आणि मान जाड करण्यात वेळ घालवणं त्याला शहाण्याचं काम वाटत नाही. पण गंमत म्हणजे तोच पुढे धावणं, वजन हलवणं, उड्या मारणं असे थोडक्यात दमवणारे व्यायाम सुचवतो, आणि ते आटोपून लगेच मनाकडे परत या म्हणतो. बंदी त्यानंही घातली नाही.

अ‍ॅरिस्टॉटलचं उदाहरण तर थेट व्यायामशाळेतलंच आहे. दहा मिना (हे ग्रीक वजनाचं माप) अन्न जास्त होतं आणि दोन मिना कमी, म्हणून शिक्षक सगळ्यांना सहा मिना वाढणार नाही, कारण सहा हे मायलो या पहिलवानाला कमी पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. मध्य हा आकड्यांचा नसतो, माणसागणिक असतो. आपल्या सूचनेनं अडुसष्ट वर्षांचे काका, पंचविशीतली मुलगी आणि मी, तिघांच्या ताटात एकच माप वाढलंय. शून्य.

उलट टोकही आमच्या डोळ्यांसमोर आहे. जपानमधल्या हिएई पर्वतावरचे तेंदाई पंथाचे भिक्खू सात वर्षांत मिळून एक हजार दिवस डोंगरातून चालण्याचं व्रत घेतात. चालणं हीच तिथे साधना. मला त्यांचं नवल वाटतं, अनुकरण करावंसं वाटत नाही. ते माझं माप नव्हे.

आणि हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं की व्यायामाच्या प्रत्येक हेतूला बुद्धविचार साथ देईल असं मी म्हणत नाही. ज्याला स्पर्धेच्या मंचावर उभं राहून पदक जिंकायचंय, त्याची भूक हेच त्याचं इंधन असतं, आणि धम्म त्या भुकेवरच पाणी टाकतो. अशा खेळाडूच्या जास्त कामाचा स्टोइक, जो निकाल सोडून सरावावर बोट ठेवतो. पण म्हातारपणी जिना चढता यावा, घरच्या आजारी माणसाला उचलून बसवता यावं आणि ध्यानाला ताठ बसता यावं एवढंच ज्याला हवंय, त्याला धम्मापेक्षा चांगला वस्ताद मिळणार नाही. रोज थोडं करा, आज जमलं ते उद्या जमेलच असं नाही, जमलं नाही म्हणून रडू नका, जमलं म्हणून नाचू नका. वजनं उचलताना पहिल्या वर्षी मला हेच चार धडे मिळाले, आणि आसनावरही हेच मिळाले होते.

आता शेवटचं एक उदाहरण, कारण ते आपल्या निर्णयाला अगदी नेमकं लागतं. सोण हा श्रीमंत घरातला, नाजूक तळव्यांचा मुलगा. भिक्खू झाल्यावर त्यानं चंक्रमावर इतक्या येरझारा घातल्या की तळवे फुटून जागा रक्तानं भरली. तरी काही साधेना, तेव्हा घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. तथागत आले आणि त्यांनी वीणेचं विचारलं. तारा फार ताणलेल्या असताना वीणा वाजते का? नाही. फार ढिल्या असताना? नाही. मग त्यांनी काय केलं? चंक्रमाला कुलूप लावलं नाही. वीर्य समतोल ठेवायला सांगितलं, आणि सोणाला एका तळाच्या चपला घालायची परवानगी दिली. सोण म्हणाला, एवढी संपत्ती सोडून आलेला मी, एकट्यानं चपला घातल्या तर लोक काय म्हणतील, सगळ्या संघाला परवानगी असेल तरच घालेन. तर ती सगळ्या संघाला मिळाली. एका माणसानं अति केलं, त्यावर उपाय निघाला तो सगळ्यांच्या सोयीचा. आपल्याकडे कोणी अति केलं असेल (माझ्या दंडाच्या फोटोंची कुजबुज मंडळापर्यंत गेली असेल तर तेही मान्य), पण उपाय मात्र सगळ्यांच्या गैरसोयीचा निघालाय.

माझ्या मागण्या अशा आहेत. सूचनाफलकावरचा तो कागद काढावा आणि ‘व्यायाम साधनेस बाधक आहे’ हे वाक्य लेखी मागे घ्यावं. शिबिराचे दिवस सोडून इतर दिवशी सकाळी साडेसहा ते सव्वासात मागची खोली आणि अंगण गटासाठी खुलं करावं. त्याची देखरेख, साफसफाई आणि दुखापतीची काळजी आम्ही घेऊ, तसं लिहून देऊ. शिबिराच्या दहा दिवसांत शांतपणे चालायला एक मोकळी, सपाट वाट आखून द्यावी, आणि ज्येष्ठांसाठी तिच्या कडेनं कठडा बांधावा. त्या साधिकेशी एखाद्या ज्येष्ठ आचार्यांनी बोलावं. माफी मागायला हवी असं मी म्हणत नाही, बोलावं. आणि पुढच्या बैठकीत या विषयाला वीस मिनिटं द्यावीत आणि गटातल्या दोघांना बोलावावं. त्यात मी नसलो तरी चालेल. काका असावेत.

पुढच्या शिबिराची नोंदणी सुरू होण्याआधी उत्तर मिळावं ही विनंती. नोंदणी मी करणारच आहे. चालण्याच्या वाटेवरचे दगड काढायला माणसं हवी असतील तर आमचा गट रविवारी येऊ शकतो, आमच्यातल्या बहुतेकांना आता वाकून उचलता येतं.

आपला,
चौदा वर्षांचा एक साधक